शांता आपटे आणि चामराजपेटचा मांडव

बंगळूर शहराच्या जुन्या कोटाला आणि बाजारपेठेला लागून चामराजपेट नावाची वस्ती आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाने १८९२ साली ती आखून वसविण्यात आली. सरळ समांतर रस्ते, देवळे आणि शाळा असे तिचे मूळचे रूप. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू ह्याच वस्तीत आहे. १९३९ साली एस. व्ही. नारायणस्वामी राव ह्या तरुणाने येथे श्रीरामसेवा मंडळीच्या वतीने रामनवमीचा संगीतोत्सव सुरू केला आणि पुढे फोर्ट हायस्कूलच्या पटांगणातील मांडव ही त्या उत्सवाची ओळख ठरली. रामनवमीचे पानक आणि कोसंबरी घ्यावी आणि मांडवात जाऊन गाणे ऐकावे, असा त्या भागातील माणसांचा परिपाठ पडला. दक्षिणेतील नामवंत गायकवादकांची कित्येक वर्षे त्या मांडवाने पाहिली. एम. एस. सुब्बुलक्ष्मी तेथे अनेकदा गाइल्या.

मराठी गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांच्या चरित्राचा विचार करताना हा मांडव आठवावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. शांताबाईंचे नाव मराठी माणसाच्या मनात पुण्याच्या 'प्रभात' चित्रसंस्थेशी जोडलेले आहे. चामराजपेटशी ते जोडावे असे काही दिसत नाही. परंतु ह्या मांडवात गाणाऱ्या सुब्बुलक्ष्मी आणि 'कुंकू'मधील नीरा साकारणाऱ्या शांताबाई १९४१ साली एकाच बोलपटात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या होत्या. दोघींचा जन्म १९१६ सालचा. दोघी गाणाऱ्या, दोघी अभिनय करणाऱ्या, दोघींची नावे घरोघरी पोचलेली. त्यानंतर दोघींच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या की त्या कधी एका ठिकाणी आल्या होत्या, हेही सहजी खरे वाटू नये. ह्या वेगळेपणाचे कारण केवळ दोन व्यक्तींच्या स्वभावात शोधून भागणार नाही. लोकप्रिय गाणे गाणाऱ्या कलावंताला समाज कोणती जागा देतो, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

शांताबाईंचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी ह्या गावचा. मराठी आणि कानडी ह्या दोन भाषा जेथे एकमेकींत सहज मिसळतात, असा हा सरहद्दीवरचा मुलूख. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. पंढरपूरच्या संगीत विद्यालयात शांताबाईंचे शिक्षण झाले. पुढे पुण्यात गणेशोत्सवाच्या मांडवांतून त्या भजने गाऊ लागल्या. म्हणजे त्यांच्याही गाण्याचा आरंभ उत्सवाच्या मांडवातच झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर' ह्या बोलपटात त्यांना राधेची भूमिका दिली. कृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक होते. शांताबाईंचे वय त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे.

तो काळ असा होता की, गाता येत नसलेल्या नटाला वा नटीला बोलपटात नायक-नायिकेची जागा मिळणे कठीण होते. चित्रपट बोलू लागला १९३१ साली, आणि बोलू लागताच तो गाऊही लागला. गाणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय मात्र बेताचीच होती. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गात असे, ध्वनिग्राहक जवळपास कोठेतरी दडविलेला असे आणि पेटी-तबल्याचे साथीदार कॅमेऱ्याच्या दृष्टीच्या किंचित बाहेर बसून साथ करीत. मान वळली तर आवाज दुबळा होई आणि पाऊल पुढे पडले तर सूर दूर जाई. त्यामुळे गाणारी पात्रे खांबासारखी एका जागी उभी राहत. शिवाय रंगभूमीवरून आलेली सवय अशी की, गाणे सुरू झाले म्हणजे अभिनय थांबावा आणि ते संपले म्हणजे तो पुन्हा सुरू व्हावा.

ही चाकोरी मोडण्यात शांताबाईंचा वाटा मोठा आहे. १९३३ साली 'प्रभात' कोल्हापूर सोडून पुण्यास आली आणि तेथील तिचा पहिला बोलपट 'अमृतमंथन' १९३४ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे. शांताबाईंकडे सुमित्रेची भूमिका होती. त्या भूमिकेत आणि त्यानंतरच्या भूमिकांत प्रेक्षकांना एक नवी गोष्ट दिसली. ही मुलगी गाते तेव्हा तिचे डोळे गातात, हात बोलतात, मान शब्दाच्या मागोमाग वळते. भोळ्यांच्या भावगर्भ चाली आणि शांताबाईंचा मोकळा, टोकदार आवाज यांचा मेळ जमला आणि बोलपटातील गाणे ही कथेत घातलेली विश्रांती न राहता कथेचा भाग झाले. १९३६ साली 'अमरज्योती' आला. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी हा आवाज मुंबई-पुण्याच्या पलीकडे, मराठी न जाणणाऱ्या घरांतही नेला. आज ज्याला पॉप गायक म्हणतात, त्याच्या लोकप्रियतेची सारी लक्षणे ह्या कीर्तीत होती. गाणे ओळखीचे, चेहरा ओळखीचा, आणि दोन्ही एकाच व्यक्तीचे.

१९३७ सालचा 'कुंकू' हा ह्या कीर्तीचा कळस होय. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून तो निघाला. हिंदीत त्याचे नाव 'दुनिया न माने'. मामाने फसवून एका वयस्क विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला मनाने संमती देत नाही. घरात राहते, पण त्याची पत्नी म्हणून राहण्यास नकार देते. केशवराव दात्यांनी रंगविलेल्या काकासाहेबांपुढे तिचा हा नकार अखेरपर्यंत ढळत नाही. ह्या चित्रपटात वाद्यवृंदाचे अदृश्य पार्श्वसंगीत नाही. जे काही कानी पडते, त्याचा उगम त्या घरात, त्या प्रसंगात असतो. अशा रिकाम्या केलेल्या जागेत नीरेचे गाणे उभे राहते आणि त्याला लपायला कोठेही आडोसा नसतो. लाँगफेलो ह्या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही कविता शांताबाईंनी इंग्रजीतच गाइली, तीही ह्याच चित्रपटात. घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या मराठी मुलीने जगाच्या रणभूमीविषयीची परकी कविता आपल्या गळ्यातून काढावी आणि ती कोणाला उपरी वाटू नये, ही त्या आवाजाची ताकद होती.

दक्षिणेत जवळजवळ त्याच सुमारास असाच विषय रुपेरी पडद्यावर आला होता. के. सुब्रह्मण्यम यांचा 'सेवासदनम्' हा तमिळ बोलपट १९३८ सालचा. वयाने फार मोठ्या असलेल्या नवऱ्याशी लग्न झालेल्या तरुणीची ती कथा, आणि ती तरुणी झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. चित्रपटातील ही त्यांची पहिलीच भूमिका. पुण्याची नीरा आणि मद्रासची सुमती अशा एका वर्षाच्या अंतराने एकच दुःख गात होत्या. दोघींचे गाणे लोकांनी उचलले.

दक्षिणेतील बोलपट आणि महाराष्ट्र यांचा संबंध मात्र त्याच्याही आधीचा. कन्नड भाषेतील पहिला प्रदर्शित बोलपट 'सती सुलोचना' बंगळूरच्या व्यापारी भांडवलावर निघाला, पण त्याचे चित्रीकरण झाले कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. नटमंडळी म्हैसूर मुलुखातून कोल्हापुरास आली, सुमारे दोन महिने राहिली आणि ३ मार्च १९३४ रोजी बंगळूरच्या सिटी मार्केटजवळील पॅरामाउंट चित्रपटगृहात तो बोलपट लागला. चामराजपेटहून ते ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर. ह्या बोलपटाचे दिग्दर्शक वाय. व्ही. राव. पुढे १९३७ साली त्यांनी 'चिंतामणी' हा तमिळ बोलपट काढून दक्षिण गाजविली आणि १९४१ साली 'सावित्री' काढताना नायिकेसाठी त्यांची दृष्टी महाराष्ट्राकडे वळली. सावित्रीची भूमिका त्यांनी शांता आपटे यांना दिली, नारदाची सुब्बुलक्ष्मींना, आणि स्वतः सत्यवान झाले.

शांताबाईंना तमिळ येत नव्हते. दुसऱ्या कोणाचा आवाज घेऊन काम भागविता आले असते. त्यांनी ते मान्य केले नाही. त्या तमिळ शिकल्या, आणि आपले संवाद व आपली गाणी आपल्याच तोंडाने म्हटली. हा नुसता हौसेचा प्रकार नव्हता. माझ्या चेहऱ्यावर जो आवाज ऐकू येईल तो माझाच असला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता.

सुब्बुलक्ष्मींनी पुरुषाची भूमिका पत्करली, तिचे कारण वेगळे. त्यांचे पती टी. सदाशिवम् यांना 'कल्की' नावाचे साप्ताहिक काढावयाचे होते, आणि त्याला लागणारा पैसा ह्या नारदाच्या मानधनातून उभा राहिला. एकीचा गळा अशा रीतीने एका संस्थेची पायाभरणी करीत होता. दुसरीचा गळा ह्या सुमारास संस्थेच्या बाहेर पडलेला होता. ती हकीकत १९३९ सालची.

'प्रभात'सारख्या चित्रसंस्थांत कलावंत मासिक वेतनावर आणि करारावर बांधलेले असत. संस्थेबाहेर काम करण्यास मोकळीक नसे. १९३८ सालच्या 'गोपालकृष्ण'मध्ये शांताबाईंनी राधा केली. त्यानंतर करारावरून त्यांचे व संस्थेचे बिनसले. १९३९ च्या जुलैत 'प्रभात'च्या फाटकाशी बसून त्यांनी उपोषण केले. देशातील एक नामांकित नटी आपल्याच चित्रसंस्थेच्या दारात अन्नत्याग करून बसली आहे, ही बातमी सर्वत्र पसरली. कोणी तिला थिल्लरपणा म्हटले, कोणी धिटाई म्हटले. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. महत्त्वाचे हे की, गळ्यावर आणि चेहऱ्यावर कराराने मालकी सांगता येते काय, हा प्रश्न त्यांनी फाटकावर आणून ठेवला. उपोषण हे त्या काळी राजकारणातले शस्त्र होते. ते त्यांनी कलावंताच्या हाती दिले.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक निघाले. नटीने पुस्तक लिहावे म्हणजे आपल्या यशाच्या आठवणी सांगाव्यात, अशी वाचकाची अपेक्षा. हे पुस्तक त्या जातीचे नाही. चित्रपटाकडे डोळे लावून बसलेल्यांना ते ह्या धंद्याची रचना समजावून सांगते. भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे, कलावंताची पिळवणूक कशी होते, याचा विचार त्यात आहे. नटी ही श्रम करणारी स्त्री आहे आणि तिचे शरीर व कंठ ही तिची श्रमाची साधने आहेत, हे इतक्या स्पष्टपणे मराठीत त्यापूर्वी क्वचितच कोणी सांगितले असेल. शीर्षकातील प्रश्नचिन्ह त्यांनी विचारपूर्वक घातले होते.

करारातून सुटल्यावर शांताबाई मोकळेपणाने निरनिराळ्या संस्थांत काम करू लागल्या. 'सावित्री' त्या मोकळेपणाचेच फळ. १९४२ साली लाहोरच्या पांचोलींच्या 'जमीनदार'मध्ये त्या गुलाम हैदर यांच्या चाली गाइल्या. पुणे, मद्रास, लाहोर अशी तीन टोके एका आवाजाने जोडली. परंतु ह्याच वेळी चित्रपटाच्या पोटात एक बदल घडत होता. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली 'धूपछाँव'मध्ये गाणे आधी मुद्रित करून मागाहून त्यावर ओठ हलविण्याची रीत आणली होती. तिचा खरा अर्थ उमगायला दहा वर्षे लागली. चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा घेता येतो, आणि दोन्हींचे करार निरनिराळे करता येतात, हा तो अर्थ.

१९४६ साली मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा'मध्ये शांताबाईंबरोबर एक तरुण मुलगी गाइली. तिचे नाव लता मंगेशकर. त्या एका गाण्यात दोन युगे शेजारी शेजारी उभी आहेत. एक स्वतः गाऊन अभिनय करणाऱ्या नटीचे, दुसरे पडद्याआडून गाणाऱ्या गायिकेचे. तीनच वर्षांनी 'महल' आला आणि त्यातील लताबाईंच्या गाण्याने देश भारून गेला. त्या गाण्याची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या नावाच्या जागी चित्रपटातील पात्राचे 'कामिनी' हे नाव छापलेले होते. आवाज माणसापासून किती सहज वेगळा काढता येतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. लताबाईंनी पुढे आपल्या कर्तृत्वाने ते नाव आणि त्याबरोबरचा मान परत मिळविला. पण गाणाऱ्या नट-नट्यांचे युग मावळले ते मावळलेच. सैगल १९४७ साली निवर्तले. नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या. शांताबाई 'शिलंगणाचे सोने'सारख्या मराठी चित्रपटांतून आणि पुढे हिंदी पौराणिक चित्रपटांतून कामे करीत राहिल्या. ज्या आवाजाने नायिका घडविली होती, त्या आवाजाची आता नायिकेला गरज उरली नव्हती. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्याही आतले.

सुब्बुलक्ष्मी 'मीरा'नंतर चित्रपटातून निघून गेल्या. तो तमिळमध्ये १९४५ साली आणि हिंदीत १९४७ साली आला. शिखरावर असताना त्यांनी पडदा सोडला, आणि त्यांचे गाणे कमी न होता वाढले. १९६६ साली त्या संयुक्त राष्ट्रसंघात गाइल्या आणि १९९८ साली भारतरत्न झाल्या. यात त्यांची साधना होती, शास्त्रीय संगीताची पक्की बैठक होती आणि पतीचे व्यवहारचातुर्यही होते. हे सारे खरे. तथापि आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. चित्रपटातून बाहेर पडल्यावर जाण्यास त्यांना जागा होती. मद्रासच्या संगीतसभा होत्या, देवळांचे उत्सव होते आणि चामराजपेटसारख्या वस्त्यांनी उभारलेले मांडव होते. ज्या १९३९ साली शांताबाई पुण्यात फाटकाशी बसल्या, त्याच साली चामराजपेटच्या त्या तरुणाने रामनवमीचा उत्सव आरंभिला, हा योगायोग मनात राहतो. एका ठिकाणी गाणारीला संस्थेच्या दारात बसावे लागले. दुसऱ्या ठिकाणी एक वस्ती गाणाऱ्यांसाठी दार उघडीत होती.

महाराष्ट्रात मांडव नव्हते असे नाही. गणेशोत्सवाचे मांडव होते, आणि त्यांनीच शांताबाईंना पहिले श्रोते दिले. ख्यालगायनाच्या बैठकी होत्या. हिराबाई बडोदेकरांनी बोलपटांत कामे केली, पण त्यांच्यामागे किराणा घराण्याची गायकी होती आणि बैठकीची गादी त्यांची वाट पाहत होती. १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला, तोही रागसंगीताचा. ज्यांचे गाणे रागदारीच्या बैठकीचे नव्हते आणि रंगभूमीचेही नव्हते, जे चित्रपटातून आणि तबकडीतून लोकांच्या ओठी बसले, त्यांनी चित्रपट संपल्यावर कोठे गावे? त्यांच्या गाण्यावर लोकांनी प्रेम केले. परंतु चित्रपटगृहाबाहेर, वर्षानुवर्षे टिकेल असे आसन त्यांच्यासाठी कोणी मांडले नाही. बाजाराने त्यांना वर चढविले आणि बाजाराची गरज सरताच खाली उतरविले.

चामराजपेटच्या मांडवात तिकीट काढून आत बसणारे जसे असत, तसे बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकणारेही असत. त्या गर्दीला गाणारीचा चेहरा तरुण आहे की नाही, याची चौकशी करावयाची नसे. ती आवाजाकडे आलेली असे. चाळिशीनंतर, पन्नाशीनंतर, साठीनंतर एखादी स्त्री गाऊ शकते आणि तिच्या वाढत्या वयाबरोबर तिचा मान वाढू शकतो, ही शक्यता अशा मांडवात निर्माण होते. ती चित्रपटाच्या करारात लिहिलेली नसते. कोणा एका धनिकाच्या औदार्याने ती आलेली नाही. वर्गणी गोळा करणाऱ्या, सतरंज्या पसरणाऱ्या आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच कामाला लागणाऱ्या माणसांनी ती टिकविली.

शांताबाईंनी १९४० साली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, सिनेमात जावे की जाऊ नये, हे ज्याचे त्याने द्यावयाचे आहे. आवाज ज्याचा त्याचाच आहे, तो दुसऱ्याच्या मालकीचा होत नाही, हे त्यांनी फाटकाशी बसून आणि परकी भाषा शिकून आपल्यापुरते सिद्ध केले. उरलेला भाग एकट्या कलावंताला पुरा करता येत नाही. सिनेमातून परत येणाऱ्या गळ्यासाठी बाहेर एखादा मांडव उभा आहे की नाही, हे त्याच्या श्रोत्यांना पाहावे लागते.